न उपटलेलं तण

तिला सगळे चिमटाताई म्हणायचे, आणि हे नाव तिनं स्वतःच्या बोटांनी कमावलं होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, या जोडीला तण दिसलं की राहवत नसे. बसची वाट बघत उभी असली तरी फरशीच्या फटीतलं गवत दिसलं की ही वाकायची, आणि तेवढ्यात बस निघून जायची. कुणा आजारी माणसाला बघायला गेली तरी परत निघताना दारातल्या कुंडीतलं काहीतरी तिच्या मुठीत असायचं. एकदा दवाखान्यात डॉक्टर तिच्या नवऱ्याचा रक्तदाब बघत होते आणि ही खिडकीतली कुंडी साफ करत होती. डॉक्टर म्हणाले, "बाई, ते मी मुद्दाम लावलंय हो." तेव्हापासून नवरा एकटाच दवाखान्यात जातो.

आता गंमत बघा. अशा बाईच्या वाट्याला काम आलं ते तण न उपटण्याचं.

वस्तीपासून सायकलनं पंधरा मिनिटांवर शेतकी संशोधन केंद्र आहे. तिथल्या काही वाफ्यांत तण चक्क पेरतात. आदल्या वर्षी बी गोळा करायचं, चाळायचं, वजन करायचं आणि पिकाच्या दोन ओळींमध्ये सारखं पसरायचं. मग पीक आणि तण यांची कुस्ती लावून द्यायची, आणि कोण कुणाला भारी पडतं ते बघत बसायचं. नव्यानं कामाला आलेल्या बायका हे बघून तोंडाला पदर लावून हसतात. आपण घरी ज्याच्या नावानं बोटं मोडतो त्याला इथं खतपाणी घालतात म्हणजे काय!

चिमटाताई लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सासूबाई केंद्रात खुरपणीच्या टोळीत होत्या. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सुनेला सोबत नेलं, शेजारच्या ओळीत बसवलं आणि उकिडवं कसं बसायचं, खुरपं किती खोल घालायचं, मुळासकट कसं काढायचं, हे सगळं एकदाही आवाज न चढवता शिकवलं. घरात मात्र त्यांचा आवाज चार घरं ऐकू जायचा. खुरपणीत इतकी वर्षं गेल्यानं त्यांची कंबर जी वाकली ती वाकलीच. आता तर त्यांना माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात, आणि घरात कोण आलं हे त्या चपलांवरून ओळखतात. आमच्या ताईला आईनं बोलायला शिकवलं असेल, पण कामाचं शहाणपण तिला सासूबाईंनी दिलं, आणि हे ती कुणालाही सांगते. सुना असं सहसा सांगत नाहीत.

मोजणीचं काम तिला अकरा वर्षांपूर्वी मिळालं. हातभर लांब, हातभर रुंद अशी लाकडी चौकट वाफ्यात टाकायची आणि तिच्या आत घोळ किती, काटेमाठ किती, लव्हाळा किती, असं एकेक तण मोजून सांगायचं. तेव्हाच्या साहेबांनी तीन जणींना एकच चौकट दोनदा मोजायला लावली. दोघींचे आकडे दुसऱ्या वेळी बदलले, हिचा बदलला नाही. हिची शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण त्या दिवसापासून मोजणी हिची. आपण तोंडानं "बावन्न" म्हणायचं, शिकलेल्या माणसानं ते कागदावर घ्यायचं आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहायचं, याचं तिला फार अप्रूप होतं. घरी तिच्या बोलण्याला कधी एवढा मान मिळाला नव्हता.

पण बोटांचं काय करायचं? तिनं त्यावर तोड काढली होती. मोजणीला बसण्याआधी ती उजव्या हाताची ती दोन बोटं जुन्या फडक्यानं एकत्र बांधून घ्यायची. टोळीतल्या बायका म्हणायच्या, "आली बघा, चोराला बेड्या घालून." ती हसायची आणि गाठ अजून घट्ट करायची.

त्या वर्षी केंद्रात नव्या मॅडम आल्या. वय अठ्ठावीस-एकोणतीस, डोक्यावर कापडी टोपी, बोलणं कमी. ज्वारीचे पंचवीस वाण त्यांनी लावले. प्रत्येक वाणाचं बी मूठभरच होतं, म्हणून एका वाणाचा एकच वाफा. सगळीकडे तणाचं बी सारखं पेरलं. कोणता वाण तणाला पुरून उरतो ते त्यांना बघायचं होतं. पाच आठवड्यांनी मोजणी झाली. चोवीस वाफ्यांत चौकटीमागे पन्नास ते सत्तर तणं निघाली. चौदा नंबरच्या वाफ्यात निघाली बावीस.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ताईला बोलावलं. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. माणूस वाईट नव्हता, पण सरासरीच्या बाहेर गेलेला आकडा दिसला की त्यांना अपचन व्हायचं. टेबलावरच्या काचेवर कागद पसरलेला होता. बाजूच्या खुर्चीत मॅडम बसल्या होत्या.

"ताई, हा चौदा नंबर काय प्रकार आहे?"

"मोजलं तेच सांगितलं, साहेब."

"मोजताना बोटं बांधलेली असतात, ते मला माहीत आहे. जेवताना सोडता ना?"

"सोडते. त्याशिवाय जेवायचं कसं?"

"जेवायला कुठं बसता?"

"झाडाच्या सावलीला. बांधावर."

"कोणत्या वाफ्याच्या बांधावर?"

"चौदा नंबरच्या," ती म्हणाली.

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. पाच आठवडे रोज अर्धा तास ही बाई मोकळ्या हातानं त्या वाफ्याच्या कडेला बसत होती, आणि या बाईचे हात कसे आहेत ते केंद्रातल्या शिपायापासून दवाखान्यातल्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी उपटलं नाही, साहेब." मग तिला राहवेना. "एक उपटलं होतं. शेवटच्या चौकटीत, काटेमाठ. फडक्याची गाठ सैल झाली होती. हातात आल्यावर कळलं. पण ते मी मोजलं, आणि परत मातीत खोचून ठेवलं."

साहेबांना हसू आवरेना. "खोचून ठेवलं! अहो, एक आठवतंय, मग बाकीची चाळीस विसरला असाल." त्यांनी लाल पेन घेतलं आणि चौदा नंबरच्या ओळीवर आडवी रेघ मारली. "हा वाण यादीतून काढू. ताई, पुढचे काही महिने तुम्ही पोती धुण्याच्या शेडमध्ये जा. आणि मॅडम, हात असे असतील तर अकरा वर्षांचे आकडेही एकदा तपासावे लागतील."

शेवटचं वाक्य साहेब सहज बोलून गेले. ताईच्या मात्र ते जिव्हारी लागलं. पोती धुवायला तिची ना नव्हती. पण अकरा वर्षं तिनं सांगितलेला एकेक आकडा आता खोटा ठरणार होता. मॅडम काहीतरी बोलतील म्हणून ती दारात क्षणभर थांबली. मॅडम त्या लाल रेघेकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी घरी आली तेव्हा तिची धाकटी जाऊ ओट्यापाशी होती आणि सासूबाई खाली पाटावर शेंगा निवडत होत्या. जाऊ त्याच टोळीत खुरपणीला होती, त्यामुळे बातमी घरी आधीच पोचली होती. "ताई, आमचा सगळ्यांचा विश्वास आहे हो तुमच्यावर," जाऊ म्हणाली, आणि केंद्रात कोण काय म्हणालं याचं तिचं पुराण सुरू झालं. नवरा आतून म्हणाला, "माझाही आहे." ताई खिडकीला टेकून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचं लक्ष हाताकडे गेलं. मुठीत गवताची काडी होती. खिडकीतल्या डब्यातल्या रोपाशेजारची. कधी उपटली, देव जाणे.

ती सासूबाईंच्या पाटाशेजारी येऊन बसली. आतापर्यंत तिला साहेबांचा राग येत होता, आता स्वतःची भीती वाटायला लागली. बोलता बोलता इथं झालं तसं तिथं बांधावर झालं नसेल कशावरून? हात आपला, पण साक्ष त्याची कोण देणार?

"सासूबाई," ती म्हणाली, "मीच उपटलं असेल का हो?"

सासूबाईंनी निवडणं थांबवलं नाही. "काय काय होतं त्या चौकटीत?"

"घोळ तीन. काटेमाठ दोन. लव्हाळा सतरा."

"लव्हाळा सतरा?"

"सतरा."

"मग तू नाही उपटलंस."

"असं कसं म्हणता?"

"अगं, तुझं लव्हाळ्याशी सात जन्मांचं वैर. दहा तणं समोर असली तर तुझा हात आधी त्याच्याकडे जातो, एकोणीस वर्षांची होतीस तेव्हापासून बघतेय. घोळ सगळी काढायची आणि लव्हाळा तसाच उभा ठेवायचा, हे तुझ्याकडून झोपेत पण व्हायचं नाही. उठ, चहा टाक."

ताईनं चहा टाकला. स्टोव्हपुढे उभी असताना तिला इतकं हलकं वाटलं की दोनदा साखर पडली. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि तो कप तसाच संपवला, एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या चहाइतकी माया त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कशातून दाखवली नसेल.

सकाळी साडेआठला ती केंद्रात गेली ती शेडमध्ये न जाता सरळ शेताकडे. मॅडमना गाठून लव्हाळ्याचं सांगायचं, मग त्यांनी काहीही म्हणू दे. बघते तर मॅडम चौदा नंबरच्या वाफ्यातच होत्या. गुडघ्यांवर बसलेल्या, कोपरापर्यंत माती, टोपी बाजूला पडलेली.

"तुम्ही खोचून ठेवलेलं कुठलं?" मॅडमनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

ताईनं दाखवलं. कडेच्या चौकटीत एक काटेमाठ सुकून मान टाकून पडला होता, बाजूची माती बोटानं दाबलेली दिसत होती. मॅडमनी तो उचलला, मूळ बघितलं आणि रुमालात ठेवला. मग ताईनं एका दमात लव्हाळ्याचं सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला अजून एक आठवलं. "आणि मॅडम, या वाफ्यात घोळ उगवली होती. दुसऱ्या आठवड्यात मी बांधावरनं बघितली होती. कोंब आले, मग पांढरट पडले, आणि तिथंच बसले. बाकीच्या वाफ्यांत तसं नव्हतं."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "हे काल का नाही सांगितलंत?"

"काल विचारलं कुणी?"

मॅडमनी मान हलवली. मग त्या बांधावर बसल्या आणि त्यांनी तिला समजावून सांगितलं. काही पिकं मुळांवाटे मातीत एक रस सोडतात. तो रस शेजारच्या कोंबांना बाधतो. घोळीचं बी मोहरीहूनही बारीक, त्यात शिदोरी किती असणार? कोंब वर येतो आणि जीव धरू शकत नाही. लव्हाळा मात्र बियांतून येत नाही, तो जमिनीतल्या गाठीतून येतो. त्याच्याकडे भरपूर साठा असतो, तो कुणाला भीक घालत नाही.

"म्हणजे ही ज्वारी आपली खुरपणी आपणच करते?"

"थोडीफार. खरं असेल तर."

"आणि लव्हाळा तिला दाद देत नाही."

"नाही."

"मला तरी कुठं देतो!" ताई म्हणाली, आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदा हसली.

चार-पाच दिवसांनी मॅडमनी तिला शेडमधून बोलावून घेतलं. प्रयोगशाळेत ती याआधी फक्त फरशी पुसायला गेली होती. टेबलावर काचेची दोन तावदानं एकमेकांना बांधून उभी केली होती, मध्ये ओला टीपकागद आणि त्यावर ज्वारीचे अंकुर. मॅडमनी काच आडवी करून तिच्या हातात भिंग दिलं. मुळांवर बारीक केस होते आणि केसांच्या टोकांवर पिवळेधमक थेंब, तेलाचे असावेत तसे, टाचणीच्या टोकाहून लहान. "हा चौदा नंबर," मॅडम म्हणाल्या. मग दुसरी काच दाखवली. "हा नऊ नंबर." नऊ नंबरच्या मुळांवर थेंब होते, पण शोधावे लागत होते. शेजारच्या बशीत मॅडमनी ते थेंब घोळीच्या बियांना लावून बघितले होते. बिया उगवल्या होत्या आणि कोंब पांढरट पडून बसले होते.

ताई कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिली. तीस वर्षं तिनं जमिनीच्या वरचं बघितलं होतं. खाली हा उद्योग चालतो याचा तिला पत्ता नव्हता. तिला त्या मुळांचे पाय धरावेसे वाटले, पण मुळांचे पाय कुठून धरायचे? ती नुसतीच म्हणाली, "गुणाची आहे हो."

"साहेबांना दाखवलंत?" तिनं विचारलं.

"दाखवलं. ते म्हणाले, काचेत काहीही होतं, शेतात दाखवा. मी पुढच्या हंगामात पुन्हा लावतेय. चौदा नंबर चार वेगवेगळ्या ठिकाणी, प्रत्येकाभोवती जाळी आणि जाळीला कुलूप. किल्ली साहेबांकडे."

"आणि तण आलं तर?"

उत्तर दोघींना माहीत होतं. जाळीच्या आत तण फोफावलं तर मागच्या वर्षीचे बावीस ही चिमटाताईच्या बोटांची करणी ठरणार, आणि त्यामागची अकरा वर्षंही तिच्यासोबत बुडणार.

तो हंगाम तिनं पोती धुण्याच्या शेडमध्ये काढला. ओल्या तागाचा वास, सिमेंटचा हौद, दिवसभर पाण्यात राहून सुरकुतलेली बोटं. शेतात जायला तिला मनाई नव्हती, पण ती स्वतःच जात नसे. सायकलवरून येता-जाता दुरून जाळ्या दिसायच्या, तेव्हा ती मान दुसरीकडे वळवायची, न जाणो नुसत्या बघण्यानं तण उपटलं गेलं म्हणतील. मॅडम मात्र दर आठवड्याला शेडमध्ये यायच्या, हौदाच्या कठड्यावर बसायच्या आणि काय चाललंय ते सांगायच्या. साहेब किल्ली विसरून घरी गेले, नळीला भोक पडलं, पाखरं जाळीवर बसतात. तणाबद्दल काही सांगत नसत आणि ही विचारत नसे. पण त्या येत होत्या, हेच तिला पुष्कळ होतं. रोज घरी जाताना ती मनातल्या मनात त्यांना दुवा द्यायची. हातात पुरावा नसताना आपल्यावर विश्वास ठेवणारं माणूस कुणाला भेटतं?

पाच आठवडे झाले आणि मोजणीचा दिवस आला. साहेबांनी फर्मान काढलं की तिघांनी मोजायचं, एकमेकांना न सांगता: ते स्वतः, मॅडम आणि ताई. खुरपणीची टोळी बांधावर जमली होती, कामाच्या नावानं सगळा आनंदच होता. साहेबांनी कुलूप काढलं, पँट वर ओढली आणि गुडघे टेकले. गुडघे असे वाजले की मागे कुणीतरी फिसकन हसलं. आधी त्यांनी शेजारच्या वाफ्यात चौकट टाकली. एकसष्ट. मग चौदा नंबरमध्ये. त्यांना मोजायला फार वेळ लागला नाही. त्यांनी पुन्हा मोजलं. चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा मोजलं. त्यांच्यामागून मॅडमनी मोजलं, शेवटी ताईनं. तिघांनी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहिला.

साहेबांनी चिठ्ठ्या उघडल्या. "माझे चोवीस. मॅडमचे चोवीस. ताई, तुमचे पंचवीस?"

"पंचवीसच आहेत, साहेब."

"आम्ही दोघं चुकलो आणि तुम्ही बरोबर?"

"त्या डावीकडच्या लव्हाळ्याचं पान जरा उचलून बघा."

साहेबांनी पान उचललं. खाली घोळीचा एक कोंब होता, मसुरीच्या डाळीएवढा, पांढरट, जमिनीला टेकलेला. साहेब त्याच्याकडे बघत तसेच गुडघ्यांवर बसून राहिले. उठताना त्यांनी ताईचा हात धरला, कारण दुसरं काही धरायला नव्हतं. मग सगळ्या टोळीसमोर म्हणाले, "मागच्या वर्षी मी तुमची ओळ खोडली, ते माझं चुकलं. ती ओळ मी आज माझ्या सहीनं परत लिहितो. आणि जुने आकडे कुणी तपासायचे नाहीत."

ताईला वाटलं होतं की असं झालं तर आपल्याला रडू येईल. आलं ते हसू, आणि थांबेना. टोळीतल्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. फक्त धाकटी जाऊ कमरेवर हात ठेवून उभी होती. "हसा, हसा. ज्वारीच खुरपायला लागली तर आमच्या खुरप्यांना गंज चढेल, मग घरी बसून काय करायचं?"

"लव्हाळा आहे ना बाई," ताई म्हणाली, "तो तुला उपाशी मरू देणार नाही."

घरी गेल्यावर तिनं सासूबाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं, चोवीस, पंचवीस आणि साहेबांचे गुडघे, सगळं. जाऊची शंकाही सांगितली. सासूबाई जमिनीकडे बघत ऐकत होत्या. त्यांना दुसरीकडे बघताच येत नव्हतं. म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं लपली होती गं ही ज्वारी?" मग आपल्याच गुडघ्यांवर हात फिरवत म्हणाल्या, "असू दे. कामं काय, दुसरी मिळतील. पण पुढच्या सुनांना माणसांची तोंडं दिसतील." ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, अगदी खाली, म्हणजे आपलं तोंड त्यांना दिसेल.

दुसऱ्या दिवशी उरलेले तीन वाफे मोजायचे होते. साहेबांनी किल्ल्या मॅडमकडे दिल्या होत्या. सकाळी शेतात दोघीच होत्या. पहिल्या वाफ्याची मोजणी झाली, तेवीस तणं निघाली, आणि ताईनं मनात साठवलेलं बोलून टाकलं.

"मॅडम, काल सगळ्यांना खरं वाटलं. पण तुम्हाला वर्षभर आधी वाटलं, हातात काहीच नसताना. तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

मॅडमनी चौकट उचलली आणि ती धरून तशाच उभ्या राहिल्या. "ताई, तसं नव्हतं."

"कसं?"

"त्या सकाळी मी तुम्हाला पकडायला आले होते. तण उपटलं की मातीत भोक राहतं, कडेची माती सैल होते. मी ती भोकं शोधत होते. मिळाली असती तर साहेबांना नेऊन दाखवणार होते. माझं पहिलं वर्ष, पहिला प्रयोग. तुम्ही तो बिघडवला म्हणून मी इतकी चिडले होते की रात्री जेवले नाही." त्यांनी चौकटीला लागलेली माती अंगठ्यानं खरवडली. "तुम्ही वर्षभर मला चांगलं म्हणत राहिलात, आणि मला सांगायचा धीर झाला नाही."

राग यायला हवा होता. ताईनं आत चाचपून बघितलं, राग काही सापडेना.

"किती वाजता आला होतात?"

"उजाडताना. साडेपाच वाजले असतील."

"मी आले साडेआठला. म्हणजे तीन तास तुम्ही गुडघ्यांवर होतात?"

"हो."

"आणि भोकं किती सापडली?"

"एक. तुम्ही सांगितलं होतं तेच."

"अहो मॅडम," ताई म्हणाली, "माझ्यावर विश्वास आहे म्हणणारी घरात दोन माणसं होती. त्यातलं एकही उठून वाफा बघायला आलं नाही. साहेबांचा विश्वास नव्हता, तेही खुर्चीतून हलले नाहीत. तुमचा विश्वास नसताना तुम्ही तीन तास माती बघितलीत. नुसता विश्वास ठेवून घरी बसला असतात, तर मी आज शेडमध्ये पोती धूत असते."

मॅडमनी टोपी काढून तोंडावर धरली. ताईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना हवा तेवढा वेळ दिला. मग म्हणाली, "चला, पुढच्या जाळीचं कुलूप काढा. ऊन चढायच्या आत उरकू."